कांद्याच्या खोलीची खिडकी

आमच्या कांदा-बटाट्याच्या खोलीत एके काळी मशीनगन होती, ही माहिती मला मिळाली तेव्हा मी शिडीवर उभी राहून त्याच खोलीला निळा पट्टा ओढत होते.

माहिती देणारा माणूस म्हणजे आमचा शेजारी हेंक. वय पंचाहत्तरच्या आसपास, उंची शिडीवर चढलेल्या माझ्याइतकी. आता, बारा वर्षांत या देशात एकही डच माणूस वेळ ठरवल्याशिवाय माझ्या दारात आलेला नाही. (मला मुलगी झाली तेव्हा नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने बाळ बघायला यायची अशी तारीख दिली, की तो आला तेव्हा दार बाळानेच उघडलं!) त्यामुळे हेंक घरातल्या सपाता घालून, कुंपण ओलांडून, हात हलवत धावत येताना दिसला, तेव्हा मला वाटलं, याच्या घरी कुणीतरी गेलं.

“थांब! थांब! काय करतेयस तू?”

“रंग देतेय. परवा आमच्याकडे कार्यक्रम आहे. तूही ये.”

“अगं, हा बंकर आहे!”

“कुठे?”

“तू ज्याला शिडी टेकवली आहेस, तो!”

मला सांगा, बंकर म्हटला की तो बंकरसारखा दिसायला नको का? हा दिसत होता शेतावरच्या खोपटासारखा. वर उतरतं कौलारू छप्पर, बाजूला चिमणी, आणि अंगभर पसरलेली आयव्हीची वेल. दोन वर्षांपूर्वी वाखनिंगनजवळच्या या खेड्यात आम्ही घर घेतलं, तेव्हा दलालाने स्वयंपाकघरातली कपाटं एकेक करून उघडून दाखवली. परसाकडे नुसता हात केला आणि म्हणाला, “आणि ते तिथे ते आहे.” ते आहे म्हणे! युद्धाच्या वेळी इथून शत्रूवर गोळ्या झाडायची व्यवस्था आहे, असं स्पष्ट मराठीत, म्हणजे डचमध्ये, सांगायला काय झालं होतं?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हे वाक्य मी इथे नाइलाजाने लिहितेय, कारण मी नाही लिहिलं तर माझा नवरा लिहील. मिलिंदच्या नोकरीमागे मी डिपेंडंट म्हणून इथे आले, चार वर्षं घरात काढली, डच शिकले, परीक्षा पास झाले आणि आता एका कंपनीत इमारतींचे नकाशे तपासते. म्हणजे दुसऱ्यांच्या भिंतींतल्या चुका काढते. आणि माझ्या स्वतःच्या परसात दीड मीटर जाडीची काँक्रीटची भिंत होती.

भिंत जाड आहे हे मला कळलं नव्हतं, असं नाही. कपडे वाळत घालायला दोरी बांधावी म्हणून मी तिला भोक पाडायला गेले, तर ड्रिलची तीन पाती मोडली. आत गेलं की मोबाइलची रेंज जायची. दार लोखंडी, आणि ते लावायला दोन माणसं लागायची. समोरच्या अंगाला छातीच्या उंचीवर एक आडवी फट होती.

“फार जाड नाहीत का गं या भिंती?” मिलिंदने एकदा विचारलं होतं.

“जुन्या लोकांचं बांधकाम असंच असायचं. आत बटाटे थंड राहावेत म्हणून.”

“बटाट्याला एवढं संरक्षण लागत नाही,” तो म्हणाला. बटाट्याचे रोग हाच त्याच्या संशोधनाचा विषय आहे. पण बांधकामातलं त्याला काय कळतं, म्हणून मी त्याचं बोलणं झटकून टाकलं.

“आणि ती फट?”

“हवा खेळायला!”

झालं. त्या हवेशीर खोलीत आम्ही कांदे, बटाटे, तांदळाची दोन पोती आणि माझी दिवाळीची चकलीची भांडी ठेवून दोन वर्षं सुखाने राहिलो.

मग या वर्षी माझ्या डोक्यात आलं की चौदा एप्रिलचा कार्यक्रम आपल्याकडे करायचा. दर वर्षी कुणाच्या तरी घरी चाळीस-पन्नास माणसं जमतात. एनस्खेडेहून विद्यार्थी येतात, बेस्ट नावाच्या गावाहून गायकवाड आणि त्यांच्याबरोबर तीन गाड्या भरून इंजिनिअर येतात. या वर्षी माझे वडील अण्णाही आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते, आणि आमच्याकडे चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग लागतोच. इतर सणांना नाही लागला तरी चालेल, पण बाबासाहेबांच्या जयंतीला घर कळकट? माझी आई असती तर तिने मला घरात घेतलं नसतं.

घराला हात लावायची सोय नव्हती. इथे घराचा दर्शनी रंग बदलायचा तर खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, कोणता पांढरा पांढरा आहे हे ठरवते. म्हणून मी मोर्चा परसातल्या खोलीकडे वळवला. तिला पांढरी करायची, वर निळा पट्टा, पुढे फोटो आणि हार. झकास स्टेज! दोन शनिवार खर्च करून आम्ही वेल काढली. तिच्याखाली भिंतीवर मळकट डाग निघाले. तपकिरी, हिरवट, मधेच काळ्या रेघा.

अण्णा चाळीस वर्षं अकोल्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची गुलाबं, जयंतीचे बॅनर, सगळं हाताने. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत गल्लीतले सगळे पेंटर घरी बसले. अण्णांसमोर फ्लेक्सचं नाव काढायची सोय नाही. अजून रस्त्यात फ्लेक्स दिसला तर ते मान फिरवून चालतात. (निवडणुकीच्या दिवसांत अकोल्यात असं चालणं धोक्याचं आहे. दोनदा पडलेत.)

तर अण्णा त्या डागांपुढे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मित्रे, थांब वं जरा. हे डाग नाहीत,” ते मला म्हणाले.

“मग काय आहे?”

“खिडकी हाय. कोन्या तरी पेंटरनं काढेल हाय. हे पाह्य, इथं पडदा. इथं फुलाची कुंडी. लेकानं सावली बी टाकली हाय!”

“अण्णा, ती बुरशी आहे.”

“बुरशीले सावली असते का?”

“दमट देशात असते! इथे लोक खोपटांवर चित्रं काढत नाहीत. कार्यक्रमापर्यंत वाळायला हवं, मारा पांढरा.”

“दुसऱ्याच्या हाताचं काम असं पुसू नाही, पोरी. मले एक दिवस दे.”

एक दिवस दिला, मोठ्या उपकाराच्या आवाजात. त्या दिवशी दुपारभर ते भिंतीला सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद चिकटवून बसले होते. खाली शिंतोडे उडू नयेत म्हणून असेल, असं मला वाटलं. (भिंत रंगवताना भिंतच झाकून शिंतोडे कसे अडणार, हा प्रश्न सिव्हिल इंजिनिअरला पडला नाही!) दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा मारला. आवडत नसलेल्या गोळ्या गिळाव्यात तसा मारला. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून वरचा पट्टा ओढायला मी शिडीवर चढले, आणि तेवढ्यात हेंक.

हेंक पंधरा दिवस फ्रान्सला गेला होता. नेमके तेच पंधरा दिवस! हा माणूस गावातल्या बंकर जपणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी. आजूबाजूच्या शेतांत दुसऱ्या महायुद्धातले असे बरेच बंकर आहेत म्हणे. कुणी गोठ्यासारखा, कुणी गवताच्या गंजीसारखा रंगवलेला, विमानातून शेत दिसावं म्हणून. आमच्या बंकरवर खोटी खिडकी होती हे गावाला ऐकून माहीत होतं, पण सगळे समजत होते की ती वेलीखाली केव्हाच नष्ट झाली.

“म्हणजे वेल काढली तेव्हा ती होती?” त्याने विचारलं.

“थोडीशी,” मी म्हणाले.

हेंक आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला बसला. अण्णांनी त्याला पाणी दिलं.

कार्यक्रम झाला. छान झाला. पण बातमी फुटली होती. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून झाला की प्रत्येक जण बंकरात जाऊन फटीतून डोकावत सेल्फी काढत होता. गायकवाडांनी भाषणात ‘संघर्षाच्या या ऐतिहासिक स्थळी’ असं म्हणत माझ्याकडे हात केला. हेंक पहिल्या रांगेत बसून दोन वाट्या खीर खाऊन गेला, पण एकदाही हसला नाही.

आठ दिवसांनी खेमेन्तेचं पत्र आलं. संरक्षित वास्तूच्या ऐतिहासिक रंगकामाचं विनापरवाना नुकसान! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुकसान? मी तर वेल काढली, भिंत धुतली, स्वच्छ केली! मी त्याच दिवशी तीन पानी उत्तर लिहायला बसले. मुद्दा एक: सदर बांधकाम कुणाला ओळखू येऊ नये, याच हेतूने रंगवलं होतं. ते आम्हाला ओळखू आलं नाही. म्हणजे हेतू सफल झाला. मग तक्रार कसली? मुद्दा दोन: त्या खिडकीला कुठलाही डोळस माणूस कधीच फसणार नाही, ती निव्वळ बुरशी दिसत होती, सबब तिचं ऐतिहासिक मूल्य शून्य.

“मुद्दा एकमध्ये तू फसलीस आणि मुद्दा दोनमध्ये कुणीच फसत नाही,” मिलिंद म्हणाला.

“तू बटाटे बघ!”

खेमेन्तेचं उत्तर दोन ओळींचं आलं. ‘कृपया आपल्या खरेदीखताचं पान एकतीस पाहावं. सही आपली आहे.’

पान एकतीस काढलं. परसातला बंकर, त्याचं संरक्षण, मालकाच्या जबाबदाऱ्या, सगळं स्वच्छ डचमध्ये होतं. खाली माझी सही, शेपटीसकट. सही करताना मी नोटरीला मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, “दुभाषी नको, मला डच येतं!” येतं ना. पण येण्यासाठी आधी वाचावं लागतं.

मग खेमेन्तेच्या बाई आल्या, अर्थात तीन आठवडे आधी वेळ ठरवून. हेंकही आला. सोबत मंडळाचा एक जाणकार माणूस, हातात बोळे आणि बाटल्या. त्याने भिंतीचा तळहाताएवढा कोपरा हळूहळू पुसून पाहिला. माझा पांढरा निघाला, आणि त्याच्याबरोबर खालचा जुना रंगही निघून आला. बोळ्यावर तो तपकिरी डाग सगळ्यांनी पाहिला.

“गेली,” हेंक म्हणाला.

आम्ही आत येऊन टेबलापाशी बसलो. अण्णांनी स्वतः पुढे होऊन सगळ्यांपुढे चकल्या ठेवल्या. त्यांना डचमधला एकच शब्द येतो, ‘या’, म्हणजे ‘हो’. तो ते फार प्रेमाने वापरतात.

बाईंनी वही उघडली. “भिंत नक्की कुणी रंगवली?”

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण आठवणी लिहायच्या तर लिहायलाच हवं. मी म्हणाले, “पांढरा रंग माझ्या वडिलांनी दिला. ते म्हातारे आहेत, त्यांना इथलं काही कळत नाही. मी फक्त पट्टा ओढला.”

हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. आम्ही इंजिनिअर लोक तांत्रिकदृष्ट्या खरंच बोलतो.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसले आणि म्हणाले, “या, या!” बाईंनी वहीत लिहून घेतलं.

माझी मुलगी आमू, वय वर्षं अकरा, कोपऱ्यात गृहपाठ करत होती. तिच्याशी मराठीत बोललं की ती डचमध्ये उत्तर देते, डचमध्ये बोललं की इंग्रजीत, आणि गप्प बस म्हटलं की तिन्हींत बोलते. पाहुणे गेल्याबरोबर तिने आजोबांना गाठलं.

“आजोबा, डू यू नो व्हॉट शी सेड? मम्मा ब्लेम्ड यू! आणि तुम्ही ‘या या’ म्हणालात!”

अण्णांना इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टेबलावरच्या उरलेल्या चकल्या डब्यात भरल्या, डबा नीट बंद केला आणि म्हणाले, “म्या सांगतलं होतं तुले.” त्यानंतर दोन दिवस माझ्याशी ‘चहा’ आणि ‘नको’ एवढंच. मी मनातल्या मनात खेमेन्तेवर, हेंकवर, दलालावर आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यांवर चिडत राहिले, कारण आपल्यावर चिडायची मला सवय नाही.

तिसऱ्या दिवशी हेंक पुन्हा वेळ न ठरवता आला. चेहरा जरा उजळलेला. मंडळाने तोडगा काढला होता. जूनमध्ये गावातले सगळे बंकर लोकांना पाहायला उघडे ठेवतात, त्याआधी आमच्या भिंतीवर काहीतरी लावायलाच हवं. त्याने एक गुंडाळी सोडली. आत प्लास्टिकच्या कापडावर छापलेली खिडकी होती. दुसऱ्याच कुठल्यातरी घराची, फोटो काढून मोठी केलेली, चकचकीत.

अण्णा वाकून पाहू लागले. कोपरा बोटांत धरून चोळला. मग त्यांचा चेहरा असा झाला, की मी चहाचे कप बाजूला घेतले.

“फ्लेक्स?” अण्णा म्हणाले.

“काय म्हणतात ते?” हेंकने विचारलं.

“फ्लेक्स! अरे, चाळीस वर्षांचा धंदा खाल्ला यानं माहा, अन् आता सात समुद्र पार करून इथं बी आला? खिडकीवर? माणसानं हातानं काढलेल्या खिडकीवर फ्लेक्स लावता? लाज नाही वाटत का बाप्पा? मित्रे, सांग त्याले!”

“अण्णा, सांगते, पण जरा—”

“अन् आधी हे सांग का मी पुसू नोको म्हनत होतो, माह्या पोरीनं आयकलं नाही. शब्द न् शब्द सांग!”

मी आमूकडे पाहिलं. ती वही बंद करून, हाताची घडी घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तपासणीसच! मग मी माझ्याच तोंडाने, परीक्षा पास झालेल्या शुद्ध डचमध्ये, हेंकला सांगितलं की माझे वडील नको म्हणत होते आणि मी ऐकलं नाही.

“शी स्किप्ड ‘लाज’,” आमू म्हणाली.

तेही सांगितलं.

तोवर अण्णा त्यांच्या खोलीत जाऊन एक सुरळी घेऊन आले. सुपरमार्केटचे जाहिरातीचे कागद, टेपने जोडलेले. जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर पसरले. एका बाजूला निम्म्या किमतीतलं चीज आणि कोंबडी, आणि उलट बाजूला पेन्सिलने उतरवलेली अख्खी खिडकी! चौकट, पडदा, कुंडी, थोडं उघडं राहिलेलं एक तावदान, त्याची सावली. कडेला अण्णांच्या बाळबोध अक्षरात नोंदी: ‘इथे मातकट’, ‘इथे शेवाळी’, ‘पडदा, दुधात हळद’. रेघांवर सुईने बारीक भोकं पाडलेली. भिंतीवर असा कागद धरून वरून कोळशाची पूड थापटली की चित्र जसंच्या तसं उतरतं. अकोल्यात मी लहानपणी हे शंभरदा पाहिलं होतं, आणि परसात पाहून मला शिंतोड्यांचे कागद वाटले होते!

“दुसऱ्याचं काम पुसायच्या आधी त्याची नक्कल ठेवा लागते,” अण्णा म्हणाले. “आमच्या धंद्याचा नेम हाय. उद्या त्याचा पोरगा आला अन् म्हनला माह्या बापाचं काम कुठी हाय, तं काय दाखवसान?”

मी भाषांतर केलं. या वेळी काही गाळलं नाही. हेंक गुडघ्यांवर बसला. त्या वयात, त्या उंचीला खाली बसायला बराच वेळ लागतो. त्याने कागदाला हात लावला नाही, नुसता वरून फिरवला.

“अन् त्याले सांग,” अण्णांचा आवाज आता खाली आला होता, “का तो पेंटर डावखुरा होता. सगळ्या तिरक्या रेघा उलट्या हायेत. घाईत होता, पन हात पक्का होता.”

हेंकने मान वर केली. इतकी वर्षं त्या रंगाऱ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, नाव नाही, गाव नाही. “डावखुरा,” तो दोनदा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपल्या पांढऱ्या रंगाखाली एक माणूस गेला होता आणि अण्णांनी त्याला जाहिरातीच्या कागदात गुंडाळून पलंगाखाली सांभाळलं होतं. मला फार वाईट वाटलं. अण्णांचा अभिमानही वाटला, पण तो मी लगेच दाखवला नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

खेमेन्तेने परवानगी दिली. भारतातून आलेल्या वडिलांनी बंकर रंगवावा की नाही, यावर किती बैठका झाल्या ते मला माहीत नाही, पण दिली. अटी पाच पानांच्या होत्या, आणि त्या मी वाचल्या, दोनदा!

पुढचे तीन आठवडे अण्णा आणि हेंक परसात. एकाला डच येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, आणि दिवसभर गप्पा! हेंक डबे धरायचा, अण्णा रंग कालवायचे, मनासारखा नाही झाला की “नोको” म्हणायचे. पंधरा दिवसांत हेंकही ‘नोको’ म्हणायला लागला. सकाळी कुंपणापलीकडून ‘जय भीम, अण्णा’ अशी हाक यायची, तीसुद्धा बरोबर आठ वाजता, कारण त्यांनी वेळ ठरवून घेतली होती. मी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत सायकल दामटत घरी यायचे, तर दोघं आपली भाकरी-ठेचा खात बसलेले. मला कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

“काय एवढं मोठं?” एकदा मी न राहवून म्हणाले. “किती का रंगवा, शेवटी चित्र ते चित्रच. त्याला आंधळासुद्धा फसणार नाही.”

अण्णा वळलेसुद्धा नाहीत. तावदानाच्या कडेला पांढऱ्याची एक बारीक रेघ ओढत राहिले. डाव्या हाताने! उजव्या हाताने तिरक्या रेघा तशा येत नाहीत म्हणून बहात्तराव्या वर्षी त्यांनी डाव्या हाताचा सराव केला होता.

जूनमधला तो दिवस उजाडला. परसात साठ-सत्तर माणसं. खेमेन्तेच्या बाई, गावातले म्हातारे, बेस्टहून गायकवाड आणि तीन गाड्या. हेंकने भाषण केलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. परतीचं विमान चार दिवसांवर होतं. हेंक म्हणाला, ही खिडकी रंगवणाऱ्या दोन्ही माणसांचे हात एकाच बाजूने चालले. टाळ्या झाल्या, आणि अण्णा म्हणाले, “या, या.”

मी मात्र मागे चहा-चकल्यांच्या टेबलापाशी धुसफुसत होते. दोनशे चकल्या मी तळल्या होत्या, भाषणात त्यांचा उल्लेख नव्हता! त्यात हेंक पुढे म्हणाला, “आमच्या मालकीणबाईंनी लेखी कळवलं आहे, की या खिडकीला कुठलाही डोळस माणूस कधीच फसणार नाही.” सगळे हसले. बाई तर डोळे पुसून हसल्या. लेखी! माझं खासगी पत्र यांनी चारचौघांत वाचावं?

मी काहीतरी खणखणीत बोलणार होते, तेवढ्यात इथल्या सवयीप्रमाणे आभाळ भरून आलं आणि तिरका पाऊस सुरू झाला. छत्र्या उघडल्या. मी मान वर केली आणि पाहिलं, तर काय! कांद्याच्या खोलीची खिडकी सताड उघडी! पडदा बाहेर आलेला! आत दोन पोती बासमती!

“अगं बाई, तांदूळ भिजले!”

हातातला ट्रे मी गायकवाडांच्या हातात कोंबला, साठ-सत्तर माणसांमधून वाट काढत धावले आणि ते तावदान बंद करायला सगळ्या ताकदीनिशी हात मारला.

दीड मीटर जाडीचं काँक्रीट. मधलं बोट.

सगळ्या छत्र्या माझ्याकडे वळल्या. मग पहिल्या रांगेतून अण्णांचा आवाज आला. दोन महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्याशी एवढ्या मायेने बोलले. “लागलं का वं, माय?”

आणि ते हसायला लागले. हेंक हसला, आमू हसली, मिलिंदला तर खुर्ची धरावी लागली. अण्णा हसता हसता रडत होते. आयुष्यभरात त्यांच्या पाटीला एवढी मोठी दाद कुणी दिली नव्हती. खरं सांगते, बोट सुजत असताना मलाही भरून आलं, आणि ते फक्त बोटामुळे नव्हतं.

मंडळाची एक अभ्यागतांची वही असते. संध्याकाळी हेंक ती घेऊन आला. त्या दिवशीच्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘या खिडकीला फसल्याची खात्रीलायक नोंद असलेली पहिली व्यक्ती. शत्रू नाही, मालकीण. शिक्षण: सिव्हिल इंजिनिअर.’ आणि खाली एक रेघ रिकामी.

“हे बरोबर असेल तर सही कर,” तो म्हणाला.

या वेळी मी सगळं नीट वाचलं, आणि मग डाव्या हाताने सही केली, कारण उजवा बँडेजमध्ये होता.